श्रीखंडाचं एकूण वजन

माझा भाऊ उदय तारदाळकर हा थोर माणूस आहे. हे मी सांगायची गरज नाही, तो स्वतःच सांगतो. सांगलीतल्या एका वाणिज्य महाविद्यालयाचा निवृत्त प्राचार्य, आमच्या विजयश्री कॉलनीचा अध्यक्ष आणि ‘एक कणही नको’ या नशामुक्ती मोहिमेचा जनक. केस काळेभोर, म्हणजे रंगवलेले, आणि मिशी दोन्ही बाजूंनी पट्टी लावून कापल्यासारखी. मी त्याची थोरली बहीण शैलजा. जन्मभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आता त्याच्या शेजारच्याच घरात राहते. त्यामुळे त्याचं मोठेपण मला रोज आणि फुकट बघायला मिळतं.

ताबाबंदी कायदा आला तेव्हा त्याला वाटलं, तो आपल्यामुळेच आला. मोहिमेचं निवेदन घेऊन तो दोनदा मुंबईला जाऊन आला होता, आणि मंत्र्याबरोबरचा फोटो दिवाणखान्यात लावला होता, देवांच्या फोटोंपेक्षा थोडा वर. कायदा सोपा होता. कृत्रिम मादक द्रव्य ज्याच्या ताब्यात सापडेल त्याला शिक्षा, आणि शिक्षा किती ते वजनावर. वजन कशाचं, तर ज्यात ते द्रव्य मिसळलंय त्या सगळ्याच पदार्थाचं. बादलीभर पाण्यात चिमूटभर द्रव्य असेल तर बादलीचं वजन धरायचं. वजन मोठं असलं की किमान दहा वर्षं. दुसऱ्याला दिलं असेल तर आणखी.

“एक कण असला तरी वजन सगळ्याचं,” उदय सभांमधून सांगायचा, “हे कलम माझं. त्यामुळे पळवाटच राहत नाही.”

सभेतले लोक टाळ्या वाजवायचे. फुकटच्या कडकपणाला आपल्याकडे टाळ्या कधी कमी पडत नाहीत.

आता हे मादक द्रव्य काय होतं ते सांगते. पूर्वी असली रसायनं औद्योगिक वसाहतीतल्या बंद शेडमध्ये बनायची. त्यांना पिंपं लागायची, भट्टी लागायची, वास यायचा, आणि पोलीस उशिरा का होईना पण पोचायचे. मग कुणा हुशार माणसाने दह्याच्या जिवाणूला हाताशी धरलं. दह्यातला जिवाणू दुधातली साखर खातो आणि आम्ल बनवतो, त्यामुळे दूध विरजतं. या माणसाने त्याच्या पोटात सहा-सात नवी जनुकं बसवली. आता तो जिवाणू दुधातल्याच एका घटकापासून एक असा रेणू बनवायला लागला, जो निसर्गात कुठेच नव्हता. त्याचं बाजारातलं नाव ‘निवांत’. चमचाभर दही खाल्लं की माणसाची सगळी काळजी उतरायची आणि गाढ झोप लागायची. काही महिन्यांनी चमच्याशिवाय झोप यायची नाही, ही त्यातली मेख. कारखाना नको, भट्टी नको. एक छोटी बाटली विरजण आणि दूध.

पण जिवाणूलाही फुकट राबायची हौस नसते. नवा रेणू बनवण्यात त्याची ताकद खर्च होते, म्हणून तो सावकाश वाढतो. ज्याने ही कामगिरी टाकून दिली तो भरभर वाढतो आणि इतरांना मागे सारतो. विकणारे लोक बाटलीत एक औषध घालायचे, ते कामचुकार जिवाणूंना मारायचं. घरच्या पातेल्यात असा मुकादम नसतो. तिथं थोड्याच दिवसांत कामचुकारांचं राज्य येतं, आणि राबणारा लाखात एखादा उरतो. अशा दह्याने मांजरालाही झोप लागणार नाही. पण तो लाखातला एक रेणू बनवत राहतो, आणि यंत्राला तो सापडतो.

यंत्राचं नाव पोलिसांनी ‘मोती’ ठेवलं होतं, कारण ते आल्यावर खात्यातले कुत्रे निवृत्त झाले. टॉर्चएवढं यंत्र, अब्जात एक रेणू असला तरी वाजायचं. किती आहे हे ते सांगत नसे. कायद्याला तरी कुठं ते हवं होतं?

उदयच्या डोक्यात आलं की आपली कॉलनी जिल्ह्यातली पहिली ‘प्रमाणित नशामुक्त’ कॉलनी व्हावी. फाटकावर पितळी पाटी लागावी. त्यासाठी घरोघर मोती फिरवायचा होता. उदयने पोलिसांना पत्र दिलं, पत्रकारांना बोलावलं, आणि जाहीर केलं की तपासणीची सुरुवात अध्यक्षांच्या घरापासून होईल. नाकाने कांदे सोलायचे असले की सुरी स्वतःच्याच घरची लागते.

त्या दिवशी सुवर्णाने, म्हणजे माझ्या भावजयीने, सगळ्या पाहुण्यांसाठी श्रीखंड केलं होतं. सुवर्णा निपाणीची. लग्नात येताना तिने माहेरचं विरजण आणलं होतं, स्टीलच्या डबीत, आईने दिलेलं. तिचं दही सुरीने कापावं असं लागायचं. कॉलनीत कुणाचं विरजण मोडलं, कुणी गावाला जाऊन आलं, की वाटी घेऊन सुवर्णाच्या दारात. तिने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त दिवेलागणीनंतर ती विरजण देत नसे. तिची आई देत नसे म्हणून.

फौजदारसाहेब आले, त्यांनी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं, बोटही चाटलं. मग मोती घेऊन स्वयंपाकघरात गेले. कॅमेरे मागे. श्रीखंडाच्या पातेल्यापाशी मोती वाजला. फ्रिज उघडल्यावर पुन्हा वाजला. ताकाच्या बरणीपाशी तर थांबेचना.

सगळे उदयकडे बघायला लागले. उदयचा चेहरा उतरला, आणि मग मी जन्मात विसरणार नाही असं वाक्य तो बोलला.

“स्वयंपाकघरात काय चालतं ते मला काही माहीत नसतं,” तो म्हणाला. “ते सगळं ही बघते.”

पातेली वजनकाट्यावर चढली. श्रीखंड, चक्का, दही, ताक, सगळं मिळून दोन आकडी किलो. पोलिसांनी सुवर्णाला नेलं तेव्हा तिच्या हाताला वेलचीचा वास येत होता. फौजदारसाहेबांच्या पोटातलं वजन मात्र कुणी धरलं नाही.

आमचे वकील तौफिक मुजावर मिरजेचे. कमी बोलणारा माणूस, म्हणून मला आवडला.

“ताई, कायदा धरून चालतो की तिला माहीत होतं,” ते म्हणाले. “माहीत नव्हतं हे आपण दाखवायचं. तुमच्या कॉलनीतली एक बाई जरी उभी राहून म्हणाली, की हिने उजेडी, दारात, वाटीतनं मलाबी विरजण दिलंय, तर काम होईल. माल माहीत असणारी बाई असा फुकट वाटत फिरत न्हाई.”

मी घरोघर फिरले. पहिलं घर मंगल चौगुलेचं. सुवर्णाची जिवाभावाची मैत्रीण, दर चार दिवसांनी वाटी घेऊन येणारी.

“अहो शैलाताई, आमच्यात तर पहिल्यापासनं पिशवीचंच दही असतंय,” मंगल म्हणाली. “यांना घरचं चालत न्हाई. आंबट होतंय म्हणत्यात.”

“मंगल, गेल्या आठवड्यात माझ्यासमोर तू वाटी नेलीस.”

“ती साखरेची असंल बघा.”

तिच्या मोरीतून आंबट वास येत होता. सगळ्या गल्लीतून येत होता. सुवर्णाला नेलं त्या संध्याकाळी प्रत्येक घरातलं दही गटारात गेलं होतं, आणि कॉलनीतली कुत्री दोन दिवस पोट भरून जेवली होती. त्यांच्यापैकी एकही निवांत झालं नाही. मी अकरा दारं वाजवली. अकरा घरांत पिशवीचं दही होतं, आणि माझ्याकडे बघायला एकालाही डोळे नव्हते. या बायकांनी मिळून वडाची पूजा केली होती, एकीच्या बाळंतपणात दुसरी जागली होती. विरजणाच्या एका वाटीसाठी सगळ्या जणी परक्या झाल्या. मला त्यांची कीव आली नाही, किळस आली.

तुरुंगात सुवर्णाला भेटले. ती वाळली होती.

“पोलीस सारखं विचारत्यात वन्सं, कुणाकुणाला दिलं ते सांगा, शिक्षा कमी करतो,” ती म्हणाली. “मी म्हटलं, कुणालाच न्हाई.”

“का गं? त्या अकराही जणींनी तुझ्याबाबतीत हात झटकलेत.”

“त्यांच्या घरी पोलीस पाठवू व्हय? पोरंबाळं आहेत.”

“विरजण कुठून आलं हे?” मी विचारलं. “निपाणीचं विरजण असलं करणार नाही. हे बाहेरून आलंय.”

ती जाळीवरची धूळ बोटाने पुसत राहिली.

“मागच्या वर्षी फ्रिजमध्ये मागं एक बारकी बाटली दिसली. ह्यांची. विचारलं तर म्हणाले, औषधी दही आहे, पोटाला. तळाला चमचाभर राहिलं होतं. टाकवेना वन्सं. त्याच दिवशी माझं विरजण मऊ पडलं होतं. म्हटलं, दहीच आहे ना, आणि घातलं त्यातच.”

मी डोळे मिटून घेतले. तळाला राहिलेलं चमचाभर दही टाकवत नाही, ही आमच्या पिढ्यांची शिकवण. त्या शिकवणीला आता दहा वर्षं लागणार होती.

“हे तू पोलिसांना सांगितलंस?”

“न्हाई.”

“नवऱ्याला वाचवतेस?”

“वाचवत न्हाई हो,” ती शांतपणे म्हणाली. “वाट बघतेय. ह्यांना माहीत आहे सगळं. बाटली कुठं गेली म्हणून त्याच संध्याकाळी विचारलं होतं मला, विरजणात घातली म्हटल्यावर गप्प झाले. ते स्वतःहून सांगतील. मी सांगितलं तर मग त्यांच्याकडं सांगायला काय उरतंय?”

तुरुंगाच्या बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि रडले. सुवर्णासाठी रडले, आणि अशा बाईला असा नवरा मिळाला याचा संताप आला म्हणूनही रडले.

उदय दिवाणखान्यात मंत्र्याच्या फोटोखाली बसला होता.

“झोप येत नव्हती ताई,” तो म्हणाला. नाकबूल करायची त्याला गरजही वाटली नाही. “निवृत्तीनंतर फोन वाजायचा थांबला. कुणी विचारेना. एका जुन्या विद्यार्थ्याने बाटली आणून दिली. एक चमचा. मी काही व्यसनी नाही. तपासणीआधी बाटली हलवली होती, आणि विरजणातलं वर्षभरात कधीच विरून गेलं असेल असं वाटलं.”

“अजून घेतोस?”

त्याने वर फोटोकडे बघितलं. म्हणजे घेत होता.

“उद्या कोर्टात सांग.”

“मी? ताई, माझ्या नावाने मोहीम आहे. हजारो मुलं माझ्याकडे बघतात. मी गेलो तर चळवळ संपेल.” त्याने आवाज खाली आणला. “तिचं वेगळं आहे. बाईमाणूस आहे, कोर्ट सहानुभूती दाखवतं. शिवाय तिला तशी बाहेरची कामं काय असतात?”

मी उठले. माझा हात उठला नाही, एवढंच. तो लहान असताना उठला असता तर बरं झालं असतं.

पण हात उगारण्यापेक्षा बरी गोष्ट माझ्याकडे होती. मी नोकरीत असताना दरवर्षी विद्यार्थ्यांना घराघरातलं दही आणायला लावायचे. त्यातले चांगले नमुने कॉलेजच्या खोल थंडीच्या पेटीत, काचेच्या नळ्यांमध्ये, नाव आणि तारीख लावून ठेवलेले असत. उणे ऐंशी अंशाला जिवाणू मरत नाही, झोपतो. तिथं सुवर्णाचं निपाणीचं विरजण होतं, कित्येक वर्षांपूर्वीचं.

जिवाणू वाढताना त्याच्या जनुकांत बारीक चुका साठत जातात, आणि त्या चुकांवरून कोण कुणाचा वंशज ते सांगता येतं. मुजावरांनी अर्ज केला, कोर्टाने दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला दोन्ही नमुने पाठवले. निकाल स्वच्छ होता. निपाणीचा जिवाणू निर्दोष, त्यात कसलं परकं जनुक नाही. जप्त दह्यात तो आहेच, पण त्याच्याबरोबर एक परका आहे, आणि त्या परक्याच्या अंगावर बाजारातल्या बाटलीची खूण आहे. म्हणजे विरजण माहेरचं होतं, विष कुणीतरी मागाहून घरात आणलं.

“कुणी?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

मुजावर म्हणाले, “बाटलीतलं ताकदीचं द्रव्य जो खातो त्याच्या केसांत ते उतरतं. घरातलं पातळ झालेलं दही खाणाऱ्याच्या केसात ते सापडत नाही. घरात दोनच माणसं आहेत. दोघांचे केस तपासावेत.”

पुढच्या तारखेला दोघांनी हजर राहायचं ठरलं. सुवर्णाने मान हलवली. उदयने रुमालाने कपाळ पुसलं.

मला वाटलं होतं, आता तरी तो बोलेल. सुवर्णालाही वाटलं असणार. तारखेच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी होती आणि दाराकडे बघत होती.

उदय आत आला. डोक्याचा तुळतुळीत गोटा. मिशीही गेलेली. ओठावरची कातडी कोंबडीच्या पिलासारखी पांढरी दिसत होती. ज्या केसांसाठी त्याने अर्धं आयुष्य आरशासमोर घालवलं, ते सगळे तो न्हाव्याकडे ठेवून आला होता. त्यामागचा डाव कोर्टात आधी कुणाच्या लक्षात आला नाही. आपल्याकडे माणूस डोकं आणि मिशी काढून समोर आला की हसत नाहीत, विचारपूस करतात. न्यायाधीशबाईंनीही तेच केलं. त्यांचा आवाज मऊ झाला.

“अरेरे. कोण गेलं घरात?”

आणि उदय, ज्याने जन्मभर सभेत वेळेवर शोभणारं उत्तर दिलं होतं, त्याने सवयीने उत्तर दिलं.

“वडील.”

मी मागच्या बाकावरून उभी राहिले. “बाईसाहेब, मी यांची बहीण. आमचे वडील जाऊन वीस वर्षं होऊन गेली. आई त्याच्या आधी गेली. घरात कुणीही गेलेलं नाही.”

कोर्टात कुणीतरी खोकलं. न्यायाधीशबाईंनी उदयकडे नीट बघितलं, मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचा मऊ आवाज परत आला नाही.

“मग हे कशासाठी?”

“नवस होता. तिरुपतीचा.”

“मिशीचाही?”

त्याचा हात मिशीच्या रिकाम्या जागेवर गेला. न्यायाधीशबाईंनी प्रयोगशाळेच्या माणसाला पुढे बोलावलं आणि विचारलं, डोक्याचेच केस लागतात का. तो म्हणाला, नाही, कुठलेही चालतात.

उदयच्या भुवया राहिल्या होत्या. दर पंधरवड्याला त्यांनाही रंग लागायचा, पण संकटात त्या त्याला आठवल्या नाहीत. चिमटा आला. भर कोर्टात, पंख्याखाली, प्राचार्य उदय तारदाळकरांच्या भुवयांचे केस एकेक करून काढले गेले आणि पाकिटात गेले. मी सुवर्णाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने दाराकडे बघायचं सोडलं होतं, वाट बघायचंही. तेव्हा मला कळलं की तिचा संसार आज या चिमट्याने मोडला, शिक्षेने नव्हे.

भुवयांत निवांत सापडलं, महिनोन्‌महिन्यांचं. सुवर्णाचे केस स्वच्छ होते.

तिला सोडलं. उदयला धरलं. सरकारी वकिलांनी उभं राहून श्रीखंड, चक्का, दही आणि ताक यांचं सगळं वजन उदयच्या नावावर मागितलं, कारण विष त्याच्या बाटलीतलं होतं.

“पण त्या दह्यात होतं किती?” उदय ओरडला. “कणभर. त्याने कुणाला डुलकीसुद्धा लागली नसती.”

सरकारी वकील तरुण होता. माझ्या भावाच्या सभांना शाळेत असताना गेलेला असणार.

“कण असला तरी वजन सगळ्याचं, सर,” तो नम्रपणे म्हणाला. “तुम्हीच शिकवलंय.”

कायदा तसाच आहे अजून. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा कायदा एकदा चुकून चोरापाशी पोचला म्हणून शहाणा होत नाही. उदयला किती वर्षं लागतील ते लागतील. मी त्याला भेटायला जाते, पण त्याच्याशी बोलावं असं काही सुचत नाही. त्याला झोप येत नाही म्हणतो.

सुवर्णा घरी आली ती रिकाम्या फ्रिजपाशी. पोलिसांनी सगळं नेलं होतं, आईच्या विरजणाचा थेंबही उरला नव्हता. ती डबी हातात घेऊन बसून राहिली. मी कॉलेजात जाऊन माझ्या जुन्या विद्यार्थिनीला विनवलं आणि पेटीतली दुसरी नळी आणली. कोमट दुधात घातली. पहिल्या दिवशी नुसतं पांढरं पाणी. दुसऱ्या वेळी जरा धरलं. तिसऱ्या वेळी पातेलं हलवलं तरी दही हललं नाही. सुवर्णाने बोट बुडवून चव घेतली आणि म्हणाली, “आईचं.” मग पदराने डोळे पुसले. मंत्र्याचा फोटो तिने त्याच दिवशी काढून माळ्यावर टाकला.

बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागत नाही. मोतीने सुवर्णाचं दही तपासलं, मोती वाजला नाही, हेही सगळ्यांना कळलं. पिशवीच्या दह्याला तोपर्यंत सगळी घरं कंटाळली होती.

मी तिच्याकडे चहाला बसले होते. दारात मंगल चौगुले उभी. तिच्यामागे कोरेवहिनी, त्यांच्यामागे आणखी दोघी. मंगलचा हात पदराखाली होता. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे मी ऐकलं होतं, डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं.

“बरी हाईस का गं सुवर्णा?” मंगल म्हणाली. “किती वाळलीस. आम्हाला लई वाईट वाटायचं बघ.”

सुवर्णाने हातातला कप खाली ठेवला. मी बोलणार होते. माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ साठलं होतं, महिन्यांचं. पण घर तिचं होतं.

मंगलने पदर बाजूला केला. वाटी बाहेर आली. “आमचं विरजण मोडलंय,” ती म्हणाली. “चमचाभर देतीस?”

सुवर्णाने मंगलच्या मागे, फाटकाकडे बघितलं. पितळी पाटीसाठी मारलेले खिळे तिथं तसेच होते. पलीकडे रस्त्यावरचे दिवे लागत होते. ती उठली, देवापाशी गेली आणि समई लावली. काडी विझवून ती परत दारात आली.

“दिवे लागले मंगल,” ती म्हणाली. “आता विरजण देत नसतात.”

“मग सकाळी येऊ?”

सुवर्णाने थोडा विचार केला. “सकाळी ये,” ती म्हणाली. “पण एकटी येऊ नको. अकरा जणी या. आणि वाट्या पदराखाली न लपवता, रस्त्यानं सगळ्यांना दिसतील अशा धरून या.”

मग तिने दार लावलं आणि माझा गार झालेला चहा पुन्हा गरम करायला ठेवला.